सात

हे आतल्या खिशात ठेव, तावी. कोटाच्या नाही, शर्टाच्या.
व्होरूच्या टेकड्यांवर एप्रिलातही सकाळ चावते,
आणि याच्या टोकाची काच
साबणाच्या फुग्याहून थोडीच जाड.
गोठली तर तडा दिसणारही नाही तुला.
मीटर चालूच राहील. आकडे येतच राहतील.

टोपण काढ. कडेला पांढरं दिसतं ना,
बुरशी नाही, मीठ आहे. घासू नकोस.
धुऊन टाक आणि कागदाने टिप,
तान्ह्याचं नाक टिपावं तसं.
पुसलंस तर चिडतो, मग कितीतरी वेळ
आकडा एका जागी बसत नाही.

आता बाटल्या. गुलाबी म्हणजे चार, पिवळी म्हणजे सात.
रोज सकाळी आधी या दोघींना विचारायचं,
मग मातीला.
वापरलेलं परत बाटलीत ओतायचं नाही,
पैसे आठवून कितीही जीव तुटला तरी.
झाकणावर उघडल्याचा महिना आहे, माझ्या अक्षरात.
पुढचा तू लिही.

एकाच जागची माती घेऊ नकोस.
शेतभर नागमोडी चाल, दहा-बारा ठिकाणी वीतभर खण.
गोठ्याजवळची नको, वाटेवरची नको,
मालक हौसेने दाखवेल ती तर नकोच.
एक भाग माती, दोन भाग डिस्टिल्ड पाणी,
ढवळ, आणि अर्धा तास गप्प बस.
हेच अवघड. लोक कॉफी देतील,
लग्न कधी करतोस विचारतील,
तू घड्याळाकडे बघ.
मग वरच्या निवळीत अलगद बुडव.
तळाच्या वाळूत खुपसायला ती काही कुदळ नाही.

आणि युलोचं सांगते, एकदाच.
त्या वसंतात गाडी आठवडाभर बंद होती,
एकवीस शेतं बाकी,
आणि बाटल्या मी घरी विसरले.
विसरले म्हणजे, पुलापाशीच आठवलं होतं.
वळले नाही.
टोपणातले थेंब हिवाळ्यात कधीतरी सुकून गेलेले.
पहिल्या शेतात सात. दुसऱ्यात सात, जरा इकडेतिकडे.
युलोच्या उतारावर सामू सात.
म्हटलं, ब्लूबेरीला आंबट माती लागते, गंधक घाल.
त्याने घातलं. सांगितलेलं ऐकणारा माणूस,
दोन पोती उधारीने आणली.

ऑगस्टात, घरी, काय मनात आलं कोण जाणे,
काकडीच्या खारात बुडवून पाहिला.
सात.
व्हिनेगरमध्ये सात.
चुलीतली राख कालवली, तिलाही सात.

मेलेला इलेक्ट्रोड गप्प होत नाही, तावी.
तळ्यात ना मळ्यात,
सगळ्यांना सारखंच सांगतो
आणि कुणाचं मन मोडत नाही.

गेले सांगायला. टोपी हातात धरून उभा होता,
पूर्ण ऐकून घेतलं. मातीतून गंधक वेचता येतं का
एवढंच विचारलं.
उताराचा खरा आकडा साडेचार होता.
झुडपांना हवा तेवढाच.
पुढच्या वर्षी पानं लाल झाली, मग तपकिरी,
मग पानंच नाहीत.
दर नाताळात तो मला मुरंबा पाठवतो.
सफरचंदाचा.

असो. रात्री टोपणात चार थेंब त्या मीठपाण्याचे,
साधं पाणी नको, ते आतलं मीठ ओढून घेतं.
उभा ठेव. लहान मुलांच्या हाती देऊ नकोस,
माझ्या भावाच्या तर नाहीच.
आणि कधी एका दिवसात
सगळीच शेतं छान निघाली,
सगळे मालक खूश,
तर पुलापाशी गाडी वळव.